टचचा तास

मी दमलेय, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे मधेच कुठे आवाज चढला तर वाईट वाटून घेऊ नका. नागावात आमची नारळी-पोफळीची लहानशी वाडी आहे. वाडीत पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या आहेत. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात आणि 'काकू, गरम पाणी', 'काकू, वायफाय', 'काकू, सुरमई आहे का' करत माझा जीव खातात. त्यांच्या चादरी धुऊन वाळत घालते तोवर पुढचे पाहुणे फोन करतात. अशा बाईनं वर नवऱ्याची गोष्ट सांगायची म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण दुसरं सांगणार कोण? ते स्वतःबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत.

ते म्हणजे आमचे मास्तर, दत्तात्रेय घरत. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले तर म्हटलं, आता जरा वाडीत लक्ष घालतील, शिंपणं करतील. कसलं काय! पडवीत फळा टांगला आणि क्लास सुरू केला. आसपासची पोरं येतात. कोणाला न्हावा शेवा बंदरात कंटेनरच्या ऑफिसात चिकटायचं असतं, कोणाला बोटीवर जायचं असतं. मुलाखतीला लागेल तेवढं इंग्रजी त्यांना हवं असतं, आणि मास्तर त्यांना शब्दांची खानदानं सांगत बसतात.

पडवी आणि माझं स्वयंपाकघर ह्यांच्यात एकच भिंत, ती पण वर उघडी. त्यामुळे मी जेमतेम दहावी झालेली असले तरी मास्तरांचे सगळे तास मी मासे साफ करता करता ऐकलेत. त्यातला एक तास दर वर्षी ठरलेला. पोरं त्याला टचचा तास म्हणत.

"शब्दांची पण घरं असतात," मास्तर सुरू करायचे. "लॅटिनमध्ये एक जुना शब्द होता, टँजेरे. म्हणजे शिवणं, हात लावणं. त्याच्या पोटी केवढी पोरं झाली बघा. टॅक्ट त्याचा, कॉन्टॅक्ट त्याचा, टँजिबल त्याचा. इनटॅक्ट म्हणजे ज्याला कोणाचा हात लागला नाही ते. गणितातला इंटिजर पण तोच, हात न लागलेला, अख्खा. लग्नात अक्षता कशा, न तुटलेल्याच लागतात ना? तसा. आणि टॅक्स? आधी वस्तू चाचपायची, किंमत ठरवायची, मग कर लावायचा."

मग एखादं पोरगं हटकून म्हणायचं, "सर, टच पण ह्यांच्यातलाच ना?"

मास्तर ह्याचीच वाट बघत असायचे. "नाही! तो शेजारच्या घरातला. दारावर टकटक केल्याचा जो आवाज, त्यातून आला म्हणतात. म्हणजे हाताला कळायच्या आधी तो कानाला कळला."

पोरं 'ऑ' करायची. मला दर वर्षी वाटायचं, अहो, ह्यानं बोटीवर नोकरी मिळणार आहे का? पण त्यांच्या आवाजात असा काही आनंद असायचा की मी भिंतीआडून गप्प राहायचे. एकदाच बोलले. मास्तर सांगत होते की टेस्ट हा शब्द मुळात जिभेचा नाहीच, हाताचा. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चाचपणं. मी बांगडे कापत होते. तोंडातून निघून गेलं, "त्यात काय नवल? आपल्यात पण चव लागतेच की. शिवल्याबिगर लागेल कशी?"

मग मास्तर खडू हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. "वेणू, हे मला कधी सुचलं नव्हतं." तेव्हापासून ते टेस्टपाशी आले की म्हणायचे, "हे पुढचं आमच्या सौभाग्यवतींचं." मी तोंड वाकडं करायचे. पण आत बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता माशाचं सांगते, कारण सगळं तिथूनच कळलं.

पाला मासा खाल्लाय का तुम्ही? चवीला त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि काटे म्हणाल तर नुसतं जाळं, केसासारखे बारीक. पाहुण्यांना मी तो कधीच वाढत नाही, उगाच दवाखान्याची वारी नको. पाला डोळ्यांनी खाता येत नाही, बोटांनी खावा लागतो. घास तोंडात घालायच्या आधी अंगठा आणि दोन बोटं त्यात फिरतात, काटा लागला की बाजूला. आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलाला नोकरी काय ते नंतर विचारतील, काटेरी मासा नीट खातो का ते आधी बघतील. मास्तर तर पाला असा खायचे की ताटाच्या कडेला काट्यांची सरळ ओळ लागायची. बोलणं चालू, बोटं आपली कामात. आमची मृणाली लहान होती तेव्हा तिला मांडीवर घेऊन भरवायचे. एक घास चाचपला की तिच्या तोंडात, दुसरा चाचपला की स्वतःच्या. पोरीच्या घशात कधी काटा गेला नाही.

आणि ह्या माणसानं एक दिवस ताट सरकवून म्हटलं, "पाला नको आता. कोळंबी करत जा."

मला राग आला. पाला मिळतो कुठे हल्ली? कोळणीला आठवडाभर सांगून ठेवलेला. म्हटलं, वयाबरोबर नखरे वाढले. पुढच्या वेळी मांदेली केली, ती पण नको. बोंबील चालेल, कोळंबी चालेल, अंडं चालेल. "माझ्या हाताचा कंटाळा आला का?" मी सरळ विचारलं. ते नुसते हसले. असं हसणं मला मुळीच आवडत नाही.

मग एकदा गॅसवरचं चहाचं भांडं त्यांनी फडक्याशिवाय उचललं. नुसत्या बोटांनी. सावकाश ओट्यावर ठेवलं, गाळणं शोधलं. मी म्हटलं, "कप्पाळ माझं! भाजेल ना!" तर म्हणाले, "एवढं गरम नाही." दुपारी बोटांवर टपोरे फोड. ते त्या फोडांकडे असे बघत होते जसे काही ते शेजाऱ्याच्या हाताला आलेत.

मला आधी साखर वाटली. माझ्या भावाला साखर होती, त्याचे पाय असेच बधिर झालेले. सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, साखर नव्हती. मग म्हणाल्या, "शर्ट काढा." मास्तरांच्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता. तो मी कधीचा बघत होते, घामोळ्याचा समजून खोबरेल चोळत होते. बाईंनी कोपराच्या आतली शीर दाबून बघितली, आणि कापसाचा बोळा घेतला. त्याची निमुळती वात केली.

"डोळे मिटा, सर. कापूस लागला की 'हो' म्हणायचं."

मी दारापाशी उभी. खांद्यावर कापूस टेकला, मास्तर म्हणाले, "हो." गळ्यापाशी टेकला, "हो." मग बाईंनी तो चट्ट्यावर फिरवला. मास्तर गप्प. बोटांच्या टोकांवर फिरवला, एकेक बोट. मास्तर आपले शहाण्या मुलासारखे डोळे मिटून वाट बघतायत, कधी लागेल आणि कधी मी हो म्हणेन. मला ओरडावंसं वाटलं, अहो, लागतोय, म्हणा की हो! बघवेना तेव्हा मी बाहेर जाऊन बाकड्यावर बसले.

बाईंनी नाव सांगताना आडपडदा ठेवला नाही. कुष्ठरोग. "घाबरायचं कारण नाही. गोळ्या इथेच मिळतील, फुकट. वर्षभर एकही दिवस चुकवायचा नाही. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणाला धोका नाही. एकत्र जेवा, राहा, काही बंधन नाही. पण बोटांची गेलेली जाण परत येईलच, असं मी सांगणार नाही. उशीर झालाय."

येताना रिक्षात मास्तर बाहेर बघत बसले होते. खाडीचा पूल आला तेव्हा म्हणाले, "लागण आणि कॉन्टेजन. दोन्हीकडे तोच अर्थ, वेणू. एकानं दुसऱ्याला शिवणं."

मी म्हटलं, "आता तरी शाळा बंद करा."

खरी धास्ती पुढेच होती. मृणालीचं जमत आलेलं. पोरगी न्हावा शेवाला एका ऑफिसात कंटेनरचे कागद बघते, नवी मुंबईत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, दर पंधरवड्याला घरी येते. तिथेच तिला अल्पेश भेटला, उरणकडच्या ठाकुरांचा मुलगा. त्याचे वडील रघूशेठ आधी मिठागरावर होते, आता त्यांचे बंदरात ट्रेलर चालतात. माणसं चांगली, पण आमच्यासारखीच गावातली. ह्या रोगाचं नाव निघालं तर गावात काय होतं ते आम्ही दोघांनी लहानपणापासून बघितलंय. औषध आलं म्हणून माणसांची मनं धुऊन निघत नाहीत. हे बाहेर फुटलं की सोयरीक मोडणार, आणि का मोडली ते लोक गावोगाव सांगत सुटणार. मग त्या पोरीला कोण करणार?

"लग्न होईपर्यंत कोणाला नाही," मास्तर म्हणाले. "मृणालीला पण नाही."

मीही मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून ठेवायला किती ताकद लागते ते त्या म्हणीत कोणी सांगितलेलं नाही.

गोळ्यांची पाकिटं मी पोह्यांच्या डब्यात ठेवायची. रिकामी झालेली चुलीत जाळायची, पण पाहुण्यांच्या गडबडीत एखादं राहून जायचं, मग रात्रंदिवस जिवाला घोर. त्या गोळ्यांनी मास्तरांचा रंग काळवंडत चालला. आधीच सावळे, त्यात तांबूस काळे दिसायला लागले. जो भेटेल तो विचारायचा, "काय मास्तर, उन्हात फिरता काय?" हे म्हणायचे, "वाडीत काम करतो हल्ली." वाडीत! ज्यांना पोफळीची सुपारी कधी उतरते ते ठाऊक नाही, ते!

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी माणसांना शिवायचं सोडलं. डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, धोका नाही. कळत होतं त्यांना. पण कळून काय करायचं? वही द्यायची तर टेबलावर ठेवून द्यायचे, पोरानं उचलायची. पाणी मी हातात दिलं तर म्हणायचे, "खाली ठेव." अंथरूण वेगळं केलं. मृणाली आली की आधी ती दारातच बापाच्या गळ्यात पडायची. आता ती पुढे आली की हे मागे. वाकून नमस्कार करायला गेली तर पाय ओढून घेतले. पोरगी स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे नुसती बघत राहिली.

"बाबांना अल्पेश पसंत नाही का गं?"

"पसंत आहे. त्यांची कंबर दुखतेय."

कंबर! बाकी काही सुचलंच नाही. मग ती कंबर आम्हाला दोघांना वर्षभर पुरली.

आणि टचचा तास? तोही बंद. त्याची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम नळ बंद करून ऐकत होते. हितेश नावाचा एक धीट मुलगा आहे, त्याच्या मोठ्या भावानं त्याला सांगून ठेवलेलं असणार. तो म्हणाला, "सर, तो टचवाला तास कधी?" मास्तर म्हणाले, "तो अभ्यासक्रमात नाही. मुलाखतीचे प्रश्न काढा." मला त्या दिवशी भांडी आपटावीशी वाटली, आणि आपटलीच.

साखरपुडा ठरला. आम्ही म्हटलं, अलिबागला छोटा हॉल घेऊ, तिथेच जेवण. घरात कोणी आलेलं नको, हा आमचा डाव. पण रघूशेठचा फोन आला. "हॉल-बिल काय न्हाय. तुमच्या घरात, तुमच्या पडवीत. आन जेवान मास्तरांच्या हातचं. त्यांनी वाढायचं, आमी खायाचं. मासा मी आनतो."

मास्तरांनी फोन ठेवला, म्हणाले, "मी नाही वाढणार." मी म्हटलं, "वाढा की. पळीनं वाढायचं, त्याला काय हात लागतो?" तर म्हणाले, "वेणू, उद्या कळलं की हीच माणसं म्हणतील, ठाऊक असून ह्यानं आम्हाला वाढलं."

ठाकूर मंडळी आली. रघूशेठ धिप्पाड, पांढरी पँट, पांढरा शर्ट. विहीणबाई सखुबाई बारक्या चणीच्या, बोलायला कमी. आणि रघूशेठनी बर्फाच्या पेटीतून काय काढावं? पाला. हा एवढा, चांदीसारखा. कुठून कुठून माणसं लावून मिळवलेला. मी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी फळ्याकडे बघितलं.

अंगठ्या झाल्या, पेढे झाले, पंगत बसली. "मास्तर, घ्या पळी हातात," रघूशेठ म्हणाले.

"कंबर धरलीय हो. वेणू वाढेल."

"कंबर धरली तं बसून वाढा. माझ्या बाजूला बसा."

"नको, नको. आज नको."

रघूशेठचा चेहरा पडला. मला दिसला तो. सखुबाईंनी त्यांच्या गुडघ्याला हळूच बोट लावलं, गप राहा म्हणून. मी घाईघाईनं वाढलं. मास्तरांच्या ताटात मुद्दाम लहान तुकडा टाकला, वर भात लोटला. सगळे जेवायला लागले. मास्तर वरणभात कालवतायत, पुन्हा कालवतायत, माशाला काही हात लावत नाहीत.

"काय मास्तर," रघूशेठ म्हणाले, "आमी आनलेला मासा तुमाला चालना काय?" हसत म्हणाले, पण ते हसणं ओठावरच होतं.

मृणाली ताट सोडून बापाकडे बघायला लागली. आणि त्या माणसानं, पोरीसाठी, त्या पाल्यात बोटं घातली. मी समोर उभी. बोटं फिरली, नेहमीसारखी, अगदी सवयीनं, अंगठा आणि दोन बोटं. पण त्यांना कळत काहीच नव्हतं. त्यांनी घास तोंडात घातला.

पहिला कसाबसा उतरला. दुसऱ्याला ठसका लागला. तोंड लाल, डोळ्यांतून पाणी, हात गळ्यावर. मी भाताचा मोठा गोळा करून तोंडात कोंबला, "गिळा, चावू नका, गिळा!" काटा गेला. खोकला थांबला. आणि इतकं होऊन त्या माणसानं परत ताटाकडे हात नेला! म्हणे, "छान झालाय मासा."

माझं डोकं फिरलं. वर्षभर धरलेलं सगळं सुटलं. मी त्यांचं ताट ओढून घेतलं, तिथेच पंगतीत जमिनीवर बसले आणि काटे काढायला लागले.

"अगं, काय करतेस?" मास्तर पुटपुटले.

"काटे काढतेय! त्यांच्या बोटांना काटे लागत नाहीत हो, रघूशेठ! कंबर-बिंबर काही नाही. बोटं मेलीत त्यांची. रोग झालाय, मोठा, नाव ऐकून तुम्ही उठून जाल असला. औषध चालू आहे, डॉक्टर म्हणतात धोका नाही, पण आम्ही तुमच्यापासून लपवलं. आता उठायचं तर उठा, मोडायचं तर मोडा. मी दमले. ह्या माणसाला काटे खाताना मी बघू शकत नाही."

मी मान वर केली नाही. काटे काढत राहिले आणि रडत राहिले, पाल्यात मीठ कमी होतं ते भरून निघालं असेल.

"आई," मृणाली म्हणाली, "त्यांना माहीत आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मला गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं, चुलीमागे. मी वाचलं कशाच्या गोळ्या आहेत ते. मग अल्पेशला सांगितलं. म्हटलं, आधी घरी सांग, मग पुढचं. तारीख ठरायच्या आधीच."

सखुबाई पहिल्यांदा बोलल्या. "आमाला ठाव हाय, विहीणबाई. आमी दवाखान्यात जाऊन विचारून आलो. घाबरलो व्हतो, खोटं न्हाय बोलायची मी. चार दिस जेवान ग्वाड लागलं न्हाय. पन डॉक्टरनी समजावलं."

"मंग हॉल सोडून घरात जेवान कशाला मागितलं?" रघूशेठ म्हणाले. "मास्तरांनी आपल्या हातानं वाढलं असतं, आमी खाल्लं असतं, तं बोलायची गरजच न्हवती. तुमच्या मनाला आपोआप कळलं असतं. तं ह्ये वाढनातच! मला वाटलं, आमाला कमी लेखतात. पन बोटाचं मला ठाव नव्हतं हो. ठाव असतं तं पाला कशाला आनला असता? जिताडा आनला असता, एक काटा धरला की झालं."

मी पोरीकडे वळले. "आणि मला सांगायला तुला तोंड नव्हतं?"

"बाबांनी एवढं जपून लपवलं होतं, आई. मला कळलंय हे त्यांना कळलं असतं तर ते अजून लांब गेले असते."

म्हणजे बघा. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो, ती आमच्यापासून लपवत होती, आणि ठाकूर पण आमच्यापासूनच. एकमेकांच्या मनाला धक्का लागू नये म्हणून वर्षभर सगळे उपाशी. मास्तरांच्या त्या लॅटिन घराण्यातला टॅक्ट तो हाच असणार. मला विचाराल तर असल्या टॅक्टला चूल दाखवावी. पोह्यांचा डबा लपवताना माझी हाडं खिळखिळी झाली, त्याचं काय?

मास्तर उठले. पळी हातात घेतली, नीट पकडली आहे का ते डोळ्यांनी बघून घेतलं. रघूशेठच्या ताटाजवळ बसले आणि पाल्याचा मोठा तुकडा, कालवणासकट, वाढला. अंदाज चुकला. अर्धं कालवण रघूशेठच्या पांढऱ्या पँटवर.

"चालंल," रघूशेठ म्हणाले. "लगनाचा डाग हाय, धुवायचा न्हाय." आणि त्यांनी घास घेतला. मृणालीनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, बापाच्या शेजारी बसली, आणि एकेक घास चाचपून त्यांच्या पुढ्यात ठेवायला लागली. मधेच एखादा स्वतःच्या तोंडात.

तेवढ्यानं सगळं गोड झालं असं समजू नका. पंगतीतली गोष्ट पंगतीत राहत नाही. नंतर क्लासची काही पोरं यायची थांबली. एकाची आई मला बाजारात बघून रस्ता ओलांडून गेली, तिच्या लग्नात मी हौसेनं रांगोळ्या घातल्या होत्या. वाईट वाटलं, अजून वाटतं. हितेश मात्र येतो, आणि त्याच्यासारखी थोडी. जी राहिली त्यांना मास्तरांनी टचचा तास घेतला. कॉन्टेजनपाशी आले तेव्हा थांबले, पाणी प्यायले, आणि सगळं नीट सांगितलं, स्वतःचा हात दाखवून. मी नळ बंद करून ऐकलं.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव. बायका लग्नाचे धवले गात होत्या, डीजेवाला आपली वायर जोडत होता, आणि मी भाकऱ्यांच्या परातीशी. मृणाली पिवळ्या साडीत पाटावर बसलेली. सगळ्यांची हळद लावून झाली. बाप कुठे? बाप खांबाला टेकून उभा, हात पाठीमागे.

"बाबा, या की," तिनं हाक मारली.

मास्तर आले. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. वाटीत बोटं बुडवली, पिवळी झाली का ते बघितलं. मग हात तिच्या गालाकडे नेला, फार सावकाश, आणि मधेच थांबले. मी जवळच होते. बोटं गालाला टेकली होती, मला दिसत होतं. पण त्यांना कळत नव्हतं. चष्मा घामानं धुकटलेला, त्यामुळे दिसत पण नव्हतं धड.

"मृणाली," ते हळूच म्हणाले, "लागला का गं हात?"

पोरीनं डोळे मिटून घेतले.

"हो, बाबा," ती म्हणाली. "लागला."